कुणाच्याच नावावर नसलेली मेमरी

रौदाला आता त्या डब्याचं तोंडसुद्धा बघवत नव्हतं. मार्चपासून रोज तेच चाललं होतं. टीव्हीला जोडायचा वहीएवढा काळा डबा टेबलावर चालू करून ठेवायचा, चॅनेल बदलत राहायचं, आणि पाचेक तासांनी तो गोठायचा. चित्र जागच्या जागी थांबायचं, बातम्या देणाऱ्या बाईचं तोंड उघडं ते उघडंच. फ्रान्समधल्या लियोंच्या गिऱ्हाइकाने चाळीस हजार डबे मागवले होते, आणि असला गोठणारा एकही घेणार नाही म्हणून ठणकावलं होतं. ऑगस्टमध्ये ट्यूनिसच्या कचेऱ्या दुपारी दोनलाच सुटतात. म्हणजे सकाळी साडेसातला डबा लावायचा, साडेबाराच्या सुमाराला तो मरायचा, आणि दोनला उन्हातून घरी जायचं. पाच महिने हेच पाचवीला पुजलेलं.

रौदा शेहेचाळीस वर्षांची, आणि तिच्याकडे कर्नेलचं काम. कर्नेल म्हणजे डब्याच्या पोटातला कारभारी. कुठल्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची, कुणाकडून परत घ्यायची, सगळं त्याच्या हातात. डब्यात मेमरी एकूण एकशे अठ्ठावीस एमबी, आजकालच्या फोनपुढे अगदीच चिमूटभर. ती भरली की डबा गोठणार, हे तर शेंबडं पोरही सांगेल. प्रश्न एवढाच होता की ती खातंय कोण.

एप्रिलमध्ये रौदाने एक तक्ता काढला होता. कर्नेलला विचारायचं, बाबा रे, कुठल्या प्रोग्रॅमकडे किती आहे, आणि तो सांगेल ते मांडायचं. तक्त्यात सगळ्यात वर नाव आलं सी ताहरच्या प्रोग्रॅमचं. अडतीस एमबी! दुसऱ्या कुणाचा आकडा वीसच्या वर नव्हता. शिवाय सगळ्यांची बेरीज एकशे बारा, कर्नेलची स्वतःची सहा, मिळून एकशे अठरा. आणि गोठायच्या जरा आधी डब्यात भरलेलीही बरोबर एकशे अठरा. बेरीज इतकी चोख जुळल्यावर शंका कोण घेतो? रौदानेही घेतली नाही. तिने तक्ता साहेबाला दिला, अनीसला, आणि अनीसने तो त्याच दिवशी लियोंला पाठवला.

ताहर अठ्ठावन्न वर्षांचा; ट्यूनिसमध्ये वडीलधाऱ्याच्या नावाआधी मानाने ‘सी’ लावतात. डब्यावर अरबी अक्षरं दिसतात ती त्याच्या प्रोग्रॅममुळे. उजवीकडून डावीकडे, एकमेकांचा हात धरून चालणारी, जागेप्रमाणे रूप बदलणारी ही अक्षरं पडद्यावर नीट उतरवणं म्हणजे काही खेळ नव्हे. अकरा वर्षं त्याने त्यात घातली होती. कार्यक्रमांची नावं असोत, बातम्यांची पट्टी असो, बाकीच्या सगळ्या प्रोग्रॅमना काही लिहायचं झालं की ते ताहरच्या प्रोग्रॅमला सांगत आणि तो लिहून देई. तक्ता बघितल्यावर तो रौदाच्या टेबलाशी आला आणि खुर्ची ओढून बसला.

"पोरी, अडतीस? माझा?"

"आकडा तर तोच सांगतोय, सी ताहर."

"बरं. मग कापू या. कुठून कापायचं ते सांग."

आणि कापाकापी सुरू झाली. भांडण नाही, आदळआपट नाही. एखाद्याने आदळआपट केली असती, तर कदाचित कुणी तक्ता पुन्हा बघितला असता. आधी मथळ्यांची कोनदार कूफी अक्षरं गेली. मग जाड ठसा गेला. मग जुलैच्या शेवटी त्याने आपलं मगरिबी वळण काढून टाकलं, ज्यात अरबी फ चा ठिपका खाली असतो आणि क चा एकच वर, ट्यूनिसकडची जुनी रीत. ते वळण बसवायला त्याला दोन वर्षं लागली होती, काढायला एक सकाळ. दर वेळी तो आणि रौदा शेजारी बसून नवा आकडा बघायचे. सगळं कापून झाल्यावर अडतीसचे झाले सदतीस.

"सदतीस," ताहर म्हणाला आणि चष्मा काढून डोळे चोळत बसला. "म्हातारा झालो गं. कुठेतरी मेमरी सांडतोय आणि मलाच दिसत नाही."

ऑगस्टच्या दुसऱ्या सोमवारी अनीसने रौदाला खोलीत बोलावलं. अनीस चौतीस वर्षांचा, पोरगा वाईट नाही, पण लियोंचा फोन आला की त्याला घाम फुटायचा.

"मादाम रौदा, ठरलं. अक्षरांचा प्रोग्रॅम बाहेरून विकत घ्यायचा. गुरुवारी लियोंला तसं सांगतोय."

"आणि सी ताहर?"

"दोन वर्षं आधी निवृत्ती. रक्कम चांगली देतायत. कागद तयार आहेत."

"अरे, एवढी अक्षरं कापली त्यांनी, आणि आकडा एकाने उतरतो? मला काही हे पटत नाही."

"तक्ता तुमचाच ना? आता तुम्हालाच पटेना होय!"

हे तिला लागलं. कारण खरं होतं. ती जागेवर आली, थंडगार झालेली कॉफी तशीच प्यायली आणि मनाशी म्हणाली, बाई, एप्रिलमध्ये तू आकडा विचारलास, तो आला कुठून हे विचारलंच नाहीस. कर्नेल एकेका प्रोग्रॅमची एक मोठी रक्कम सांगत होता, पण त्यातलं स्वतःचं किती आणि सामाईक किती हे सांगत नव्हता. ते उघड करून दाखवायची सोयच त्यांच्या जुन्या कर्नेलमध्ये नव्हती. ती आता तिने लिहायला घेतली. मेमरीच्या एकेका पानाला, म्हणजे छोट्या तुकड्याला, विचारायचं, तुला किती जणांनी धरलंय? एकाने धरलं असेल तर ते त्याचं. दोघांनी धरलं असेल तर अर्धं याचं, अर्धं त्याचं. काम फार मोठं नव्हतं. पण पाच महिन्यांच्या थकव्यावर ते करताना मंगळवारी तिचे डोळे इतके चुरचुरले की दोनदा तिने कंस चुकीच्या जागी बंद केला आणि दोनदा कपाळाला हात लावला.

बुधवारी बाराच्या सुमाराला, डबा गोठायच्या जरा आधी, नवा तक्ता पडद्यावर आला.

ताहरच्या प्रोग्रॅमची स्वतःची मेमरी तीन एमबी. फक्त तीन! उरलेली चौतीस सामाईक. ज्यांच्यासाठी तो अक्षरं लिहून देत होता, त्यांची आणि त्याची मिळून. एका परातीत दोघं जेवले आणि दोघांच्याही नावावर अख्खी परात मांडली, असा तो जुना हिशेब होता. ताहर सगळ्यांच्या परातीत बसायचा म्हणून सगळ्यात खादाड तोच ठरला.

रौदाला हसूच आलं. खुर्चीतून उठून त्याला हाक मारणार, तेवढ्यात सवयीने तिने बेरीज केली. आता सगळ्यांची मिळून सत्त्याहत्तर. कर्नेलची सहा. झाले त्र्याऐंशी. डब्यात भरलेली मात्र एकशे सतरा.

ती परत बसली. चौतीस एमबी कुणाच्याच नावावर नव्हती.

आणि जी मेमरी कुठल्याच प्रोग्रॅमच्या नावावर नसते ती कर्नेलने घेतलेली असते. कारभारी दुसऱ्यांचा तक्ता मांडतो, आपण गुपचूप काय उचललं ते त्या तक्त्यात येत नाही. ताहरची चौतीस चुकून दोनदा मोजली गेली होती आणि इथे चौतीस मोजलीच गेली नव्हती. एक चूक दुसरीवर झाकणासारखी बसली, म्हणून ती मेली बेरीज जुळली होती. चॅनेल बदलताना चित्रासाठी मेमरी घेणारा कर्नेलचा भाग कुणी लिहिला होता? रौदाने. फेब्रुवारीत, घाईघाईने. तिने तो उघडला. चित्र यायच्या आत माणसाने पुढचं चॅनेल लावलं, तर आधीची मेमरी परत करायची होती. परत करायची ओळ तिथे नव्हती.

 कुणी बघितलं का म्हणून तिने मान वळवली, आणि आपण मान वळवली याचीच तिला लाज वाटली. एक ओळ घालायची. कुणाला कळणार होतं? पण ती उठली आणि अनीसकडे गेली. तिने सगळं सांगितलं. अनीस ऐकत राहिला, मग त्याने दार लावून घेतलं.

"म्हणजे किती ओळी बदलायच्या?"

"एक."

"मग बदला की! लियोंला सांगू, किरकोळ सुधारणा केली, डबा ठीक झाला. तुमचं नाव कशाला मध्ये आणायचं?"

"आणि सी ताहरचं नाव चार महिने मध्ये आहे त्याचं काय?"

अनीसने खाली बघितलं. "त्यांनी काल सही केली. मी म्हटलं होतं, गुरुवारपर्यंत थांबा. तर म्हणाले, कशाला, ओझं माझंच आहे ना, मग मीच उतरवतो."

रौदाने दार उघडलं. जागेवर जाऊन तिने ती एक ओळ घातली आणि बदलासोबत लिहायची टीप लिहिली. कर्नेलमध्ये प्रत्येक बदलासोबत टीप जाते, खाली सही जाते, आणि ती कुणाला पुसता येत नाही. "गळती चॅनेल बदलणाऱ्या भागात होती. तो भाग मी लिहिला. अक्षरांच्या प्रोग्रॅमवर आलेला आळ खोटा होता. तो आळ आणणारा तक्ताही मीच काढला होता." खाली पूर्ण नाव घातलं आणि मागोमाग आलेल्या अनीसने तोंड उघडायच्या आत पाठवूनही दिली. टीप वाचून तो एवढंच म्हणाला, कागद फाडता येईल.

मग ती ताहरच्या टेबलाशी गेली. तो खोक्यात पुस्तकं भरत होता. एका हातात अर्धा खाल्लेला पाव, बोटाला हरीसाची तिखट चटणी लागलेली.

"सी ताहर, तुमचे तीन होते."

"काय तीन?"

"तुमच्या प्रोग्रॅमची मेमरी. तीन एमबी. कापायच्या आधी चार. खात माझा कर्नेल होता. मी. माझी ओळ राहिली होती." तिला रडू फुटलं आणि ते तिने लपवलं नाही. "चार महिने मी तुमच्या शेजारी बसून तुमची अक्षरं कापायला लावली. कशी माफी मागू तेच कळत नाही."

ताहरने पाव खाली ठेवला आणि बोट नीट पुसलं. "तुझ्या तक्त्यात तू कुठे होतीस मग?"

"कुठेच नव्हते."

"हं," तो म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"अनीस म्हणतोय कागद फाडता येईल. विकतचा प्रोग्रॅम नको आता. आणि अक्षरं सगळी जुन्या प्रतीत आहेत, तासाभरात परत येतील."

"अक्षरं येतील गं." तो खुर्चीत बसला. "मला रोज सकाळी दाढी करताना आरशात बघून म्हणायची सवय लागलीय, म्हाताऱ्या, चूक तुझीच आहे, नीट शोध. तिच्या आधीचा ताहर कुठल्या प्रतीतून परत आणतेस?"

त्याने खोक्यातलं एक पुस्तक काढून परत टेबलावर ठेवलं.  मग तोच म्हणाला, "लाव परत अक्षरं. उद्या बसतो डब्यासमोर."

गुरुवारी साडेसातला डबा लागला. मगरिबी वळण, कूफी मथळे, जाड ठसा, सगळं जागच्या जागी. शेजारच्या छोट्या पडद्यावर रौदाचा नवा तक्ता, दर सेकंदाला ताजा होणारा. ताहर रिमोट घेऊन बसला आणि चॅनेल बदलत राहिला. साडेबारा वाजले, डबा गोठला नाही. एक वाजला, गोठला नाही. लोक येऊन टाळ्या वाजवून गेले. लियोंहून दोन ओळी आल्या, छान, पुढच्या आठवड्यात माल पाठवा. अनीस तर टीव्हीसमोर हात जोडून उभा राहिला. "वा, सी ताहर! काय देखणं दिसतंय हो! मी तर विसरलोच होतो हे असं दिसायचं."

ताहरने त्याच्याकडे बघितलं नाही आणि टीव्हीकडेही नाही. तो छोट्या पडद्याकडे वाकला होता. तिथे त्याच्या प्रोग्रॅमच्या नावापुढे, स्वतःच्या मेमरीच्या रकान्यात, चारचा आकडा होता.

"चारच आहे ना गं?"

"चारच, सी ताहर."

त्याने चॅनेल बदललं आणि पुन्हा वाकला. "अजून चारच?"

"चारच."

दोन वाजून गेले, कचेरी रिकामी झाली. रौदाने पिशवी खांद्याला लावली, मग काढून ठेवली आणि त्याच्या शेजारी खुर्ची घेतली. टीव्हीवर एका मालिकेचं नाव आलं, फ चा ठिपका खाली, क चा एकच वर. इतकं सुरेख की तिने बोट दाखवलं.

"सी ताहर, अक्षरं बघा ना. तुमचीच आहेत."

"बघतो, बघतो," तो म्हणाला, आणि चॅनेल बदलून त्याने पुन्हा आकड्याकडे बघितलं.