आत्याचं मूत्रपिंड आणि बाबांचे पहारेकरी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा, तुमच्या अंगात पहारेकरी फिरताहेत. डोळ्यांना न दिसणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांना टी पेशी म्हणतात. छातीच्या हाडामागे एक लहानशी ग्रंथी असते, तिथे त्यांची तालीम होते. मग त्या अंगभर हिंडतात आणि भेटेल त्या पेशीला अगदी खेटून चाचपतात. प्रत्येक पेशी आपली ओळख अंगावर बाळगते. आत विषाणू शिरला, तर त्याचे तुकडेही तिच्या अंगावर दिसतात. मग मदतनीस टी पेशी बोभाटा करतात आणि मारेकरी टी पेशी त्या पेशीला भोकं पाडून संपवतात. दुरून मारा करणं त्यांना जमत नाही; त्या स्वतः जाऊन भिडतात.

चिमीला हे सगळं तोंडपाठ होतं. आत्याने बाबांना आपलं एक मूत्रपिंड दिलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनीच तिला समजावलं होतं. "बहिणीनं मायेनं दिलंय, हे पहारेकऱ्यांना काय कळणार गं? त्यांना परकी ओळख दिसणार. म्हणून ही गोळी. ती त्यांना पेंगत ठेवते."

तेव्हापासून रोज बाबांच्या तळहातावर गोळी ठेवायचं काम चिमीचं. बाबा पाणी प्यायचे, ती "शाब्बास!" म्हणायची आणि बाबा हसायचे.

आणि आता बाबा इस्पितळात होते. पाय सुजलेले, अंगात ताप. सुईने मूत्रपिंडाचा कण काढून तपासला, तर टी पेशी तिथे घुसलेल्या.

"गद्दार मेल्या!" खाटेशी उभी राहून चिमी रडत म्हणाली. "तुमच्याच पेशी, आणि तुमच्यावरच उलटल्या!"

बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "त्यांना नको बोलूस, बाळा. त्यांनी त्यांचं काम केलं. मीच गोळी गिळत नव्हतो. गालात धरायचो आणि तू वळलीस की थुंकायचो."

चिमीचं रडू जागच्या जागी थांबलं. "का?"

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. "गोळीनं हात थरथरायचे गं. चिमट्यातला स्क्रू कुठच्या कुठे उडायचा. एक गिऱ्हाईक म्हणालं, 'आता नातवंडं सांभाळा, काका.' लागलं मनाला."

"मग डॉक्टरीणबाईंना सांगायचं ना! त्यांनी गोळी बदलली असती, नाहीतर कमी केली असती."

"वाटलं, इतकं बरं चाललंय, काय होतंय..."

म्हणजे रोजचं ते हसू खोटं होतं.

"आत्याचं मूत्रपिंड वाचेल?"

"सलाईनमधून जोराचं औषध देणार आहेत. बघू." बाबांनी तिचा हात धरला. "रक्तात गोळी इतकी कमी कशी, असं डॉक्टरीणबाई विचारत होत्या. मी म्हटलं, नेमानं घेतोय. तूही तसंच सांग. आत्याला तर अजिबात कळू देऊ नकोस. माझी शहाणी ना तू?"

चिमीने हात सोडवून घेतला. बाहेर बाकावर आत्या डॉक्टरीणबाईंशी बोलत बसली होती. चिमीने दार सताड उघडलं.

"आत्या, डॉक्टरीणबाई, दोघी आत या. बाबांना काहीतरी सांगायचंय."

दोघी आत आल्या. चिमीने दार लावलं, त्याला पाठ टेकली आणि बाबा बोलेपर्यंत ती तिथून हलली नाही.