मुकट्याला ऊन

मी एक जुना मुकटा आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांनी मुकटा पाहिलाही नसेल, म्हणून आधी ओळख सांगतो. पूजेच्या वेळी नेसायचं जाड रेशमाचं धोतर, तो मी. अंघोळ झाली की मला नेसायचं, देवाची पूजा करायची, नैवेद्य दाखवायचा आणि मला पुन्हा खुंटीवर टांगायचं. मला नेसलेल्या माणसाला मध्ये कुणी शिवायचं नाही. याला घरात सोवळं म्हणतात.

माझा जन्म येवल्याचा. ज्या विणकराच्या मागावर मी विणला गेलो, तो हात चालवताना भजन गुणगुणायचा. गाण्याची गोडी मला तेव्हाच लागली असावी. अंग पिकल्या आंब्याच्या रंगाचं आणि काठ डाळिंबी, असा मी दुकानाच्या काचेआड दिमाखात बसलो होतो. तिथून कृष्णरावांच्या लग्नासाठी त्यांच्या वडिलांनी मला घेतलं आणि ट्रंकेत घालून माळव्यात धारला आणलं. घराणं जुन्या दरबारातल्या मानकऱ्यांचं. दरबार केव्हाच गेला होता, पण घरातल्या रीती आणि बोलणं तसंच राहिलं होतं. कृष्णराव पोटासाठी कचेरीत कारकुनी करीत आणि जिवासाठी कीर्तन.

काय सांगू तुम्हाला त्या सकाळी! ते मला नेसून पूजेला बसायचे आणि चंदन उगाळता उगाळता संध्याकाळच्या कीर्तनाची तयारी करायचे. पूर्वरंगातलं, म्हणजे कीर्तनाच्या पहिल्या भागातलं, निरूपण देवासमोरच घोळवायचे. आख्यानात सीतेच्या वाट्याला दुःख आलं की ती ओळ पुन्हा पुन्हा म्हणायचे. देवळातल्या लोकांना जे कीर्तन झांजा-पेटीसह ऐकायला मिळे, ते त्याच्या आधी मला नुसत्या घंटीवर मिळे. सत्यनारायणाला आलेले पाहुणे माझ्याकडे बघून म्हणायचे, काय कस आहे हो या रेशमाला! मी खुंटीवर फुगून बसायचो.

खुंटी मात्र देवघराच्या दारामागे होती. तिथे ऊन कधी येत नसे. कृष्णराव ओलसर अंगानेच मला नेसत, कमरेशी घट्ट खोचत, आणि पूजा झाली की घामाने दमट झालेला मी तसाच दाराआड जाई. सुती सोवळं रोज धुवायचं, पण रेशीम मुळातच शुद्ध, त्याला पाणी लागत नाही, असा घरचा नेम होता. नर्मदाबाई, म्हणजे कृष्णरावांच्या पत्नी, हा नेम मोठ्या निष्ठेने पाळीत. मला त्याचा अभिमानच वाटे. बाकीचे कपडे बादलीत आपटले जात, आणि मी असा की ज्याला पाणी लावायचीही गरज नाही.

एका वर्षी पावसाळा लांबला. दसऱ्याच्या सुमाराला कृष्णराव पूजेत मध्येच कमरेकडे हात नेऊ लागले. जिथे मला खोचत, बरोबर तिथे एक तांबूस गोल उठला होता. कडा उंच, मधला भाग निवळलेला. गजकर्णच ते. कीर्तनकाराच्या अंगावर गजकर्ण! त्यांना फार लाज वाटली. कुणाला न सांगता ते अमनच्या औषधाच्या दुकानात गेले. अमनने कुठे, काय, काही न पाहता एक ट्यूब काढून दिली, “काकाजी, ये लगाओ, दो दिन में साफ.”

आणि खरंच, दोन दिवसांत खाज गेली. दाराआड उभं राहून ते गुपचूप मलम लावायचे तेव्हा मीही म्हटलं, सुटलो. पण ट्यूब थांबली की खाज दुप्पट होऊन येई. आधीचा नीट गोल आता उरला नव्हता. कडा पुसट झाल्या आणि डाग पोटापासून मांडीपर्यंत पसरला. कीर्तनात दोन्ही हातांत झांजा, खाजवणार कसं? एकदा ते उभ्या उभ्या असे काही डोलले की देवळातली मंडळी खूश झाली. नीलेश, त्यांचा मुलगा, घरी येऊन हसत सांगत होता, “बाबांना आज काय रंग चढला होता यार!” कशाचा रंग ते मला ठाऊक होतं.

नीलेश पीथमपूरच्या कारखान्यात नोकरीला. वडील मनावर, डही अशा आसपासच्या गावी कीर्तनाला गेले की घरची पूजा त्याच्याकडे येई. घरात मुकटा एकच. तेव्हा तोही मलाच नेसे. थोड्या दिवसांनी तोही खाजवू लागला. त्याला वाटलं, कारखान्यातल्या उकाड्याने होतंय.

नीलेशची बायको कोमल देवासची. तिचे वडील तिथल्या कारखान्यात नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेले. शाळा हिंदीतली, त्यामुळे मराठी वाचताना ती अडखळायची, पण गोड बोलायची आणि सासऱ्यांचं कीर्तन पहिल्या रांगेत बसून ऐकायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने वाण पुढे केलं आणि शेजारच्या बाईंची नजर तिच्या दंडावर थांबली. तिथे एक गोल उमटला होता. बापलेकांचे डाग कपड्याखाली होते. हिचा उघडा पडला.

नर्मदाबाईंनी त्या दिवशी घरात फर्मान काढलं. धुण्याचं मशीन कोमलच्या हट्टाने आलं होतं. त्यात सगळ्यांचं सगळं एकत्र फिरतं, तिथूनच हे घरात शिरलं, असं त्यांचं म्हणणं. कोमलने आता देवघरात पाऊल टाकायचं नाही, नैवेद्याच्या भांड्यांना हात लावायचा नाही.

“आई, मी आपले आणि बाबांचे कपडे मिक्स नाही करत. सच्ची.”

“करत नाहीस, मग हे आलं कुठून?”

त्या घरात लग्नानंतरच्या पहिल्या रामनवमीला सुनेने स्वतःच्या हाताने सुंठवडा करायचा, देवळात न्यायचा आणि रामजन्म झाला की सगळ्यांना वाटायचा, अशी रीत होती. कोमलने त्यासाठी देवासच्या आईकडून सुंठ कुटायची रीत फोनवर विचारून ठेवली होती. नर्मदाबाई म्हणाल्या, यंदा सुंठवडा मी करेन. कोमल आत निघून गेली.

कृष्णराव तेव्हा पूजेला बसले होते. सगळं त्यांच्या कानावर पडत होतं. घंटी हातात तशीच राहिली. मित्रांनो, मी त्यांच्या कमरेला होतो. आधी कुणाला झालं हे त्या घरात त्यांना ठाऊक होतं आणि मला. मला तोंड नव्हतं. त्यांना होतं, आणि तेही गप्प राहिले. बरेच दिवस ते पूजेत गायले नाहीत. नुसतं गंध लावायचे, फूल वाहायचे आणि उठायचे.

मग एका सकाळी डॉक्टर माधवी आल्या. गल्लीच्या तोंडाशी त्यांचा दवाखाना. सर्दी-तापापासून सगळ्याला अख्खी गल्ली त्यांच्याकडेच जाई. नर्मदाबाईंचे गुडघे धरले होते, दवाखान्यापर्यंत चालवत नव्हतं, म्हणून त्यांचा रक्तदाब बघायला डॉक्टरच घरी आल्या होत्या. पट्टा सोडता सोडता त्यांची नजर कोमलच्या दंडावर गेली. त्यांनी तिला उजेडात बसवलं, दंड निरखला आणि घरात आणखी कुणाला आहे का, असं विचारलं.

“आमच्याकडे कुणालाही नाही,” नर्मदाबाई म्हणाल्या. “हिनंच आणलंय.”

देवघरात पळी ताम्हनात पडल्याचा आवाज झाला. पूजा अर्धी टाकून कृष्णराव कधी उठलेले मी पाहिले नव्हते. त्या दिवशी उठले. मला नेसलेलेच ते बाहेर येऊन उंबऱ्याशी उभे राहिले.

“आधी मला झालं, ताई. दसऱ्यापासून आहे. कोमलचा यात काही दोष नाही.”

नर्मदाबाईंनी नुसतं “अहो” म्हटलं. कोमल उठून उभी राहिली.

डॉक्टरांनी टॉर्च काढली. कृष्णराव सोवळ्यात आहेत हे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, “शिवत नाही, काका. काठ जरा खाली घ्या आणि वळा नुसते.” उजेड कमरेवर फिरला. मी जिथे जिथे घट्ट बसत होतो, तिथे तिथे डाग होता. काय लावता, असं विचारून डॉक्टरांनी कृष्णरावांची लपवलेली ट्यूब मागवली, तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि ती सरळ आपल्या पिशवीत टाकली. मग शांतपणे समजावलं. ही एक प्रकारची बुरशी आहे, म्हणाल्या. या मलमातलं एक औषध खाज दाबतं, पण बुरशीला मोकळं रान देतं. म्हणून दोन दिवस बरं वाटतं आणि मग पसरतं. नीलेशलाही बघावं लागेल, औषध तिघांनी एकदमच घ्यायचं. मलम डागाच्या थोडं बाहेरपर्यंत लावायचं. डाग गेला तरी मी सांगेपर्यंत थांबवायचं नाही. अंग, विशेषतः काखा आणि जांघा, कोरडं करूनच कपडे घालायचे. पंचा ज्याचा त्याचा वेगळा. कपडे गरम पाण्यात धुवायचे, कडक उन्हात वाळवायचे.

“ते तर मी रोजच करते,” कोमल म्हणाली. “सगळे कपडे.”

“सगळे?” डॉक्टरांनी टॉर्च माझ्यावर धरली. “हा कधी धुतला होता?”

कोमलने सासूकडे पाहिलं. मग नर्मदाबाई म्हणाल्या, “मुकटा धूत नाहीत, डॉक्टर. तो शुद्धच असतो.”

“शुद्ध असेल, काकू. पण स्वच्छ नाहीये.”

मित्रांनो, त्या एका वाक्याने माझ्या इतक्या वर्षांच्या दिमाखाचा धागा धागा उसवला. नीलेश कधी मला नेसतो हे डॉक्टरांनी विचारून घेतलं आणि मग मला नेसणारे दोघे आणि त्यातल्या एकाची बायको, अशी साखळी त्यांनी बोटावर मोजून दाखवली. नर्मदाबाईंचा चेहरा उतरला. आपल्याकडून काहीतरी निस्तरायला हवं असं वाटून त्या म्हणाल्या, आजच याला नर्मदेत सोडून देऊ.

माझा जीव गेला. पण डॉक्टर म्हणाल्या, “नर्मदेनं काय पाप केलंय, काकू? धुवा आणि उन्हात टाका. नीलेशला वेगळा घ्या, म्हणजे झालं.”

कृष्णरावांनी आत जाऊन साधं धोतर नेसलं. बाहेर आले तेव्हा मी त्यांच्या हातात होतो. त्यांनी मला कोमलपुढे धरलं.

“धुशील, बाळ?”

“मी हात लावू?” तिने विचारलं ते त्यांना, पण बघत होती सासूकडे.

नर्मदाबाईंनी फडताळाकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, “लाव. आणि रिठे फडताळात वरच्या खणात आहेत. साबण नको, रेशीम आहे.”

रिठ्याच्या कोमट पाण्यात मी पहिल्यांदा उतरलो. माझ्यातून निघालेलं पाणी कोमलने तीनदा ओतलं तरी गढूळच होतं. मग तिने मला गच्चीवर नेलं. तोवर ऊन काय असतं हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा भीती वाटली, मग अंगातली कित्येक वर्षांची ओल हळूहळू निघून गेली. माझा डाळिंबी काठ त्या उन्हाने जरा फिका पडला, ते खोटं कशाला सांगू. पण मला हलकं वाटत होतं. संध्याकाळी तिने माझ्यावरून गरम इस्त्री फिरवली.

होळी गेली. डाग विरत गेले, पण डॉक्टरांनी सांगितलं तसं तिघांनी मलम सोडलं नाही. कृष्णराव पुन्हा पूजेत गाऊ लागले.

रामनवमीच्या आदल्या दिवशी नर्मदाबाईंनी सुंठ, खोबरं आणि साखरेचं ताट स्वयंपाकघरातून आणून कोमलपुढे सरकवलं. घरभर सुंठेचा वास सुटला. दुसऱ्या दिवशी कृष्णराव मलाच नेसून देवळात गेले. पूर्वरंगात मनाच्या शुद्धीचं निरूपण रंगलं होतं. मध्येच त्यांनी झांजा खाली ठेवल्या.

“मंडळी, इतकी वर्षं मी तुम्हाला मन धुवायला सांगत आलो,” ते म्हणाले, “आणि माझ्या कमरेचं धोतर धुतलेलं नव्हतं.”

देवळात हशा पिकला. मग त्यांनी सगळं सांगितलं, आपल्या लाजेसकट. बोलणी सुनेने खाल्ली, दुखणं माझं होतं, असंही सांगितलं. तेव्हा कुणी हसलं नाही. मागे बसलेल्या एका गृहस्थांनी हळूच आपली कमर चाचपली, ते मात्र मी पाहिलं.

रामजन्म झाला. पाळणा हलला. कोमल सुंठवड्याचं ताट घेऊन उठली. तिच्या दंडावर डागाची पुसट सावली अजून होती. हळदीकुंकवाला आलेल्या त्या शेजारच्या बाई हात पुढे करावा की नाही अशा घुटमळल्या. त्यांच्या बाजूलाच नर्मदाबाई बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली आणि म्हणाल्या, “आधी मला दे गं, कोमल.”

मित्रांनो, आता माझी खुंटी दाराआड नाही. पूजा झाली की मी गच्चीवर जातो. एकाच दोरीवर एका बाजूला कोमलची ओढणी, दुसऱ्या बाजूला नीलेशची जीन्स, मध्ये मी. वारा आला की तिघं एकमेकांवर आपटतो. माझा काठ फिका झाला आहे आणि आता कुणी माझ्या रेशमाची वाहवा करत नाही. पण खाली कृष्णराव बिनधास्त गातात, ते मला इथवर ऐकू येतं. तुमच्या घरातही दाराआड एखादं वस्त्र असेल, ज्याला तुम्ही मान देता म्हणून हात लावत नाही. त्याचा मान तसाच ठेवा. फक्त त्याला अधूनमधून धुवून उन्हात टाका. आणि अंगावर काही उठलं, तर लाजून दाराआड राहू नका. डॉक्टरांना दाखवा. तुमच्या गप्प राहण्याची बोलणी घरात भलत्यालाच खावी लागतात.