शोषखड्ड्याला सारवलं, त्याची गोष्ट

अहो, पाय जपून! खाली मी आहे. मी शोषखड्डा, अणदूरच्या मुक्ताबाईंच्या मोरीमागचा.

मी नव्हतो तेव्हा मोरीचं पाणी थेट शेजारच्या शांताक्काच्या दारात जायचं. डास, चिखल, वास! त्यावरून अशी जुंपली की एका ताटात जेवणाऱ्या बाया एकमेकींचं तोंड बघेनात. मुक्ताबाईंना ते फार लागलं. शेवटी त्यांच्या सुनेनं, वृषालीनं, मला खणून घेतलं.

माझ्या पोटात तळाला मोठे दगड, त्यावर खडी, सगळ्यात वर वाळू. वाळू खरकटं अडवते, खडी वाट देते, दगडांपाशी पाणी दम खातं आणि मग मातीत मुरतं. माझ्याकडं घाई चालत न्हाय बघा! तीच ओल हळूहळू आडवी पसरत भिंतीपलीकडं गेली. शांताक्काचा सुकत चाललेला शेवगा पालवला. पुढं शेंगा आल्या, तशी एक जुडी भिंतीवरनं इकडं आली. मुक्ताबाई ती जुडी पोटाशी धरून रडल्या.

मग घटस्थापना आली. घरदार सारवून मुक्ताबाई माझ्यापाशी आल्या. "ह्यानं माझी अक्का परत दिली. ह्यो उघडाबोडका कशाला ऱ्हावा?" म्हणत शेणकाल्यानं मला गुळगुळीत लिंपलं. वर रांगोळीसुद्धा! माया कळते हो, पण पाणी आत घेऊ कुठनं?

दुसऱ्या दिवशी सणाची भांडी घासली आणि सगळं पाणी माझ्या अंगावरनं घसरत शांताक्काच्या दारात.

"खड्डा भरला गं. बुजवून टाकू," मुक्ताबाई सुनेला म्हणाल्या. आणि खराट्यानं पाणी मागं लोटू लागल्या, पुन्हा भांडण नको म्हणून. मीही घाबरलो. तेवढ्यात शांताक्का पदर खोचून आली. मला बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"मुक्ते, सारवलंस व्हय ह्याला? तोंड लिंपल्यावर त्यानं प्यावं कुठनं?"

"चुकलं अक्का. तुमी पुन्हा बोलायचं बंद करू नगा."

"गप! खुरपं आण आधी."

दोघींनी मिळून मला खरवडलं, वरची वाळू धुऊन परत घातली. पहिला घोट आत गेला तेव्हा काय बरं वाटलं म्हणून सांगू!

आता वय झालंय माझं, पूर्वीसारखं भराभर पिववत नाही. तुमच्या घरी माझा भाऊबंद असेल तर वर्षातनं एकदा त्याची वाळू धुवा. एवढंच मागणं.

बाकी मी सुखात आहे. सण आला, सारवणाची बादली माझ्याजवळ आली, की भिंतीपलीकडून हाक येतेच, "मुक्ते, त्याचं तोंड मोकळं सोड गं!"

आणि मुक्ताबाई मुद्दाम उशिरा ओ देतात, म्हणजे शांताक्का पुन्हा एकदा हाक मारते.