दांडीवरचे नारळ

मच्छिंद्र जालन्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये बायलरवर होता आणि त्याची बायको साळूबाई बायलरच्या धाकात. कुठल्याशा गावी एक बायलर फुटल्याचं ऐकल्यापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली, तेव्हा सगळ्यांची नजर चुकवून ती शिडी चढली आणि लाल फडक्यात बांधलेले देवीच्या नवसाचे पाच नारळ बायलरवरच्या एका दांडीला लटकवून आली. नवरा सुखरूप राहावा, एवढंच तिचं मागणं.

दसऱ्याला भट्टी पेटली. मुहूर्ताला शेठजी यायचे होते, ते काही येईनात; त्यामुळे यंत्रं सुरू झाली नव्हती आणि वाफ आतच साठत होती. भाकरी घेऊन आलेली साळूबाई आतलं पाणी दाखवणाऱ्या बायलरच्या काचनळीत बघत होती. पाण्यात एक बुडबुडा नव्हता.

"अजून तापलंच न्हाई जणू," ती म्हणाली.

"चुलीवरच्या आधणापरिस कितीतरी जास्त तापलंय. वाफ वरून दाबून धरती, म्हणून उकळत न्हाई." बोलता बोलता मच्छिंद्रनं वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिलं. काटा लाल रेघेच्या पुढे गेला होता. एव्हाना झडपेनं वाफ सोडायला हवी होती. त्यानं वर पाहिलं. झडप दाबून धरणाऱ्या दांडीला, तिच्या नेहमीच्या वजनाशेजारी, लाल गाठोडं लोंबत होतं; त्या जादा भारानं झडप उघडत नव्हती.

साळूबाई शिडीकडे धावली.

"थांब. एकदम काढलंस तर आतलं समदं पाणी एका दमात उकळंल. मंग बायलर बी न्हाई आन् आपण बी न्हाई."

त्यानं आधी भट्टीतला जाळ बाहेर ओढला. मग वर चढून गाठोड्याखाली तळहात लावला आणि झोपलेलं लेकरू उचलावं तसं हळूहळू ओझं हातावर घेतलं. वाफ आधी बारीक शिटी देत आली, मग अशी गरजली की पत्रे थरथरले.

काटा खाली येऊ लागला, आणि मघापासून निपचित असलेलं नळीतलं पाणी खळाखळा उकळायला लागलं. भट्टीत निखारा नव्हता. जाळ काढल्यावर पाणी उकळताना साळूबाईनं जन्मात पाहिलं नव्हतं. ती भ्यायचं विसरली आणि हात जोडून बघतच राहिली. एवढी ताकद रोज नवऱ्याच्या हातभर अंतरावर गुमान उभी असते, हे तिला आज दिसलं.

मच्छिंद्र उतरला. मनगट वाफेनं लाल झालं होतं. त्यानं गाठोडं तिच्या ओटीत घातलं.

"देवीला सांग, नवस पावला," तो म्हणाला.

साळूबाईनं पदर भिजवून त्याच्या मनगटाला गुंडाळला. ओटीतले नारळ अजून गरम होते.