नवव्या प्रश्नाचं पाकीट

आमच्या समितीत सात शहाणे आणि एक सामान्य माणूस आहे. सामान्य माणूस म्हणजे मी. इस्पितळात माणसांवर कुठलंही संशोधन करायचं तर आधी या समितीची परवानगी लागते, आणि समितीत एक तरी जण डॉक्टरकीशी संबंध नसलेला हवा, असा नियम आहे. मी बायकांचे कपडे शिवते. महिन्यातून एकदा दुकान भावावर सोपवून तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत जाऊन बसते आणि आलेला अर्ज अथपासून इतिपर्यंत वाचते. बाकीचे नुसते चाळतात. पानांच्या आवाजावरून कळतं ते.

त्या मंगळवारचा अर्ज एका तरुण डॉक्टरीणबाईंचा होता. स्वतःचा जीव घेऊ पाहिलेली आणि वाचून घरी गेलेली जी माणसं, त्यांना सहा महिने दर आठवड्याला बारा प्रश्न पाठवायचे आणि उत्तरं पाकिटातून मागवायची. झोप लागते का, जेवण जातं का, कामात लक्ष लागतं का. नववा प्रश्न मात्र सरळ होता. या आठवड्यात जीव द्यावासा वाटला का?

तो मी दोनदा वाचला. माझा धाकटा भाऊ आठ महिन्यांपूर्वी याच इस्पितळातून, असाच वाचून घरी आला होता. तेव्हापासून तो माझ्याकडे राहतो, दुकानात काजं-बटणं करतो. आम्ही जगातल्या सगळ्या विषयांवर बोलतो, तेवढा एक सोडून. समितीत हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि मी सांगणारही नव्हते. गोष्ट त्याची होती, माझी नव्हे.

"हे नकोच," अध्यक्ष म्हणाले. निवृत्त प्राध्यापक, ताकसुद्धा फुंकून पिणारे. "विचारलं की नसलेलं डोक्यात येतं. उद्या कुणाचं काही बरंवाईट झालं तर आपल्याच गळ्याशी येईल. नामंजूर."

"सर, विचारल्याने तो विचार येत नाही. हे पुष्कळांनी तपासून पाहिलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि या माणसांना वगळलं, तर त्यांच्यासाठीचे उपाय मी कुणाला विचारून शोधू?"

बाईंचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. पण माझं बोट अकराव्या पानावर अडलं होतं.

"बाई, ही उत्तरं वाचणार कधी?"

"सहा महिन्यांनी," त्या उत्साहाने म्हणाल्या. "लोकांनी मोकळेपणाने लिहावं म्हणून पाकिटावर नाव नाही, फक्त क्रमांक. पाकीट बंद, नावांची यादी कुलपात. मीसुद्धा मध्येच उघडू शकणार नाही."

"म्हणजे आज एखाद्याने 'हो' लिहिलं, तर ते तुम्हाला सहा महिन्यांनी कळणार?"

बाईंचा चेहरा उतरला. उलटा कापला गेलेला कपडा पाहावा तसं त्या आपल्याच अर्जाकडे पाहत राहिल्या. बिचारीने गुपित राखायची इतकी काळजी घेतली होती, की वाचायचंच राहून गेलं होतं.

"बघा! म्हणून म्हणतो, नामंजूर," अध्यक्ष म्हणाले.

मग मात्र माझं डोकं फिरलं. "अहो, चूक पाकिटात आहे आणि तुम्ही प्रश्नच काढून टाकता? रोग रेड्याला आणि औषध पखालीला! तुम्ही विचारू देत नाही, या विचारून ऐकत नाहीत. त्या माणसाने जायचं कुठे? पाकीट ज्या दिवशी येईल त्याच दिवशी उघडायचं. 'हो' असेल तर यादीतून नाव काढून संध्याकाळच्या आत फोन करायचा. आणि सही घेण्याआधीच ठळक अक्षरांत सांगायचं, की बाकी सगळं गुपित राहील, नववं उत्तर राहणार नाही. ज्याला नको असेल तो सही करणार नाही."

"आणि फोनवर बोलणार काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"आधी ऐकून घेईन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी तिथेच बसून अकरावं पान नव्याने लिहून काढलं. पाच विरुद्ध तीन मतांनी अर्ज मंजूर झाला.

मी जिने उतरले ते ऐटीत. दुकानात भाऊ मान खाली घालून बटणं लावत बसला होता.

"ताई, कुणाची तरी बिनपाण्याने करून आलीस वाटतं," तो हसून म्हणाला.

झालेलं सांगायला मी तोंड उघडलं, आणि तेव्हाच ध्यानात आलं. आठ महिने माझ्या घरात हाच प्रश्न नामंजूर होता, आणि तिथली अध्यक्ष मी होते. नसलेलं त्याच्या डोक्यात येईल, या भीतीने मी त्याला जेवणाचं विचारत होते, झोपेचं विचारत होते, हवापाण्याचंसुद्धा विचारत होते.

मी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले. "या आठवड्यात जीव द्यावासा वाटला का रे तुला?"

त्याने सुई कापडात खोचून ठेवली. बटणांच्या डबीचं झाकण लावलं.

"रविवारी," तो म्हणाला. "दुपारभर."

रविवारी दुपारी मी त्याच्यापासून चार हातांच्या अंतरावर बसून मशीन चालवत होते. मला भीती वाटली, खूप वाटली. पण मी उठले नाही, रडलेही नाही. दाराशी एक गिऱ्हाईक आलं, त्याला मी हातानेच उद्या ये म्हटलं.

"सगळं सांग," मी म्हणाले. "मग तुझ्या डॉक्टरांना फोन करू. आजच, दोघं मिळून."

तो सांगत गेला, मी ऐकत गेले. फोन झाला, दुसऱ्या दिवशी सकाळचं बोलावणं आलं. मग त्याने पुन्हा सुई हातात घेतली.

"ताई, कधीपासून वाट बघत होतो, कुणी विचारतंय का म्हणून," तो दोरा ओवत म्हणाला. "पुढच्या मंगळवारी पण विचार."