ओढा जिवंत असल्याची साक्षीदार

मी एक जुनी चाळणी आहे. माझ्या अंगाला भोकं आहेत, हे मी कधी लपवलं नाही. थोरामोठ्यांनीही हा गुण घ्यायला हरकत नाही.

मित्रांनो, माझा जन्म पिठासाठी झाला. पण आमच्या घरची सून ओढ्यातल्या किड्यांवर संशोधन करायची. चाळणीसाठी तिनं आपल्या संशोधन संस्थेकडे अर्ज केला होता आणि तो अर्ज एकेका टेबलावर विश्रांती घेत पुढे सरकत होता. शेवटी तिनं मलाच पिशवीत घातलं.

"सूनबाई, चाळणी कुठं निघाली?"

"ओढ्यावर, आई."

"मग पीठ काय तुझ्या डॉक्टरेटनं चाळू?" सासूबाई म्हणाल्या.

संस्थेत तिला सगळे बाई म्हणत. बारा वर्षं दर महिन्याला बाई गुडघाभर पाण्यात उतरल्या. तळाचा गाळ माझ्यात ओतायचा, धुवायचा आणि मागे राहिलेले जीव चिमट्यानं उचलून मोजायचे. तीन शेपट्यांच्या एका अळीची त्या वाट पाहत. पाणी नासलं की ही बया सगळ्यांत आधी नाहीशी होते. पहिली सहा वर्षं बाईंनी वहीत शून्यच लिहिलं, तेही सुवाच्य अक्षरात. मग वरच्या अंगाचं सांडपाणी अडवलं गेलं, आणि एके सकाळी माझ्या जाळीवर एक अळी वळवळली. बाईंनी वहीत तितक्याच सुवाच्य अक्षरात एक लिहिलं.

बाराव्या वर्षी तो अर्ज मंजूर झाला! खोक्यातून, प्रमाणपत्रासह, चकचकीत चाळणी आली. मी खिळ्यावर गेले. कोळ्यानं माझ्यात संसार थाटला.

नव्या चाळणीत चार महिने एकही अळी आली नाही. संस्थेचे साहेब म्हणाले, "ओढा मेला, बाई. नगरपालिकावाले त्यावर स्लॅब टाकून गाड्या लावायला जागा करणार आहेत. सोमवारी त्यांना आपल्या संस्थेचं मत द्यायचंय."

बाईंचा चेहरा उतरला. शिपाईमामांनी नवी चाळणी खिडकीकडे धरली. "बाई, हिच्यातून मोहरीसुद्धा गळेल!"

बाईंनी मला खिळ्यावरून काढलं, कोळ्याची माफी मागितली आणि नवीच्या खाली धरलं. तोच गाळ ओतला. वर पालापाचोळा राहिला. माझ्यात अडतीस कोवळ्या अळ्या! दुसऱ्या जागी एकतीस. तिसऱ्या जागी दोन.

"बावीस लिहू का?" मामा हळूच म्हणाले. "कोण बघतंय!"

"मी बघतेय ना, मामा. दोन म्हणजे दोन."

सोमवारी साहेबांनी बाईंच्या अहवालातल्या आकड्यांवर बोट ठेवलं. "इथं दोनच?"

"दोनच. तिथं अजून एक गटार सुटतंय."

साहेबांनी पेन काढून अहवालावर सही केली. "सगळीकडे चाळीस असते, तर मी सही केली नसती," ते म्हणाले. स्लॅब रद्द झाला आणि गटार बंद करण्याचा हुकूम निघाला.

मित्रांनो, खोक्यातून आलेल्या किती वस्तू मी पाहिल्या, पण बाईंसारखं माणूस कुठल्या खोक्यातून येत नाही. तुमच्याजवळ असं कुणी असेल तर जपा. आणि चाळणी वापरून झाली की लगेच नळाखाली धरू नका. आधी ओढ्यात उलटी बुडवा, हलकेच झटका. जाळीला चिकटलेला एखादा जीव घरी जायचा असतो.