दुष्ट दिराचा चांगुलपणा

"कथा हा मानवी जीवनाचा आरसा होय, आणि खलनायक हा त्या आरशामागचा पारा होय," गावचं नाटक बसवणारे बापूजी मास्तर म्हणाले. एवढ्यात न्हाव्याने त्यांची मान दुसऱ्या गालासाठी वळवली, त्यामुळे पुढचं वाक्य गोठ्यातल्या म्हशीला ऐकावं लागलं.

काम बदलून मागायला आलेला इसरू मात्र हटला नाही. वडशाजवळच्या त्या गावात शंकरपटाला दिवसभर बैल पळत आणि जेवणं आटोपली की गावकरी नाटक करत. त्यात दुष्ट दीर कायम इसरूच. पहिल्या अंकात तो विधवा भावजयीला घराबाहेर काढी आणि उरलेले अंक लोकांच्या शिव्या खाई. आवाज दणदणीत, भुवया जाड. निवड देवानेच केली होती.

पण पटाला पाहुणे येतात ते नुसते बैल बघायला नाही. सोयरिकीही तेव्हाच जुळतात. गेल्या साली त्याच्या लेकीला, रंभाला, बघायला आरमोरीचे लोक आले, नाटक बघून बसले आणि सकाळी चहा न पिता गाडी जोडून निघाले. "जो भावजयीले घरात ठेवत नाई, तो जावयाले काय ठेवीन?" असं म्हणाले. यंदा रामाजी येणार होते, मुलासाठी.

"मास्तर, मले दुसरं काम द्या. झाडाचं द्या."

"झाडाला संघर्ष नसतो रे."

"तेच पायजे."

"अरे, पात्र वेगळं, नट वेगळा."

"हे तुमाले ठाऊक, मले ठाऊक. आरमोरीले नाई ठाऊक."

मास्तरांनी विचार केला. "तुझा दीर सपाट आहे, इसरू. येतो तसाच जातो. व्यक्तिरेखा भरीव हवी. दुष्टाच्या पोटातही चांगुलपणा असतो, तो कुठेतरी डोकावला पाहिजे."

"कवा डोकावला पायजे?"

न्हाव्याने तुरटी फिरवली, मास्तरांनी डोळे मिटले, आणि हा महत्त्वाचा प्रश्न तसाच राहिला.

पटाच्या दिवशी गॅसबत्त्या लागल्या. रामाजी घोंगडी पांघरून सगळ्यांत पुढे बसले. भावजयीचं काम कोलूकडे होतं. घराबाहेर पडताना म्हणायचं लांबलचक पद त्याने दिवाळीपासून घोकलं होतं. पेटीवाल्याने सूर धरला. इसरूने दाराकडे बोट केलं, रामाजींकडे पाहिलं आणि बोट खाली घेतलं.

"राहू दे, भावजय," तो म्हणाला. "घर तुयंच आहे. मीच जातो गोठ्यात झोपाले."

पेटी थांबली. कोलू पदाच्या पहिल्या अक्षरावर तोंड उघडून उभा राहिला. सूड घ्यायला तिसऱ्या अंकात येणारा नायक आतूनच बघू लागला, कारण आता त्याला यायला काही निमित्त उरलं नव्हतं. पडद्यामागून मास्तर दबक्या आवाजात "संघर्ष, अरे संघर्ष" म्हणत होते.

"घरात सारं बराबर आहे, तं आमी थंडीत काऊन बसलो?" मागून कोणीतरी विचारलं. विचारणं रास्त होतं.

शेवटी रामाजी उठले. "व्याही, मी बारा कोसांवरून आलो. हिले काढा बाहेर."

इसरू पुढे सरकला. "व्याही म्हनलं का तुमी?"

"म्हनलं."

"म्हंजे सोयरीक?"

"दुपारी तुमच्या पोरीनं जेवू घातलं, तवाच ठरली. सकाळी सांगनार होतो. नाटक अडवून काऊन इचारता?"

"अन् मी भावजयीले काढलं, तं मोडनार नाई ना?"

"नाई काढलं, तं मोडीन."

एवढं साक्षीदारांसमक्ष झाल्यावर इसरूच्या अंगात बळ आलं. भुवया वर गेल्या. "निघ," तो असा गरजला की पटाचे बैल दावणीला उठून उभे राहिले. लोक सुखावून घोंगड्यांत नीट बसले, पहिली शिवी आली, पेटीने पुन्हा सूर धरला. इसरूने कोलूचा दंड धरून हात मागे नेला.

"इसरूभाऊ," कोलू ओठ न हलवता पुटपुटला, "धक्का जरा हळू द्या. लुगडं घरवालीचं आहे, सकाळी नेसाले पायजे तिले."